मॉन्स्टर मॅन्युअल: कोणाची करामत, कोणाची नुसती मारामारी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून, फासे टाकून गोष्ट रचत जायच्या खेळाचं नवं 'मॉन्स्टर मॅन्युअल', म्हणजे त्यातल्या मॉन्स्टरांची जंत्री, आल्यापासून ग्रुपमधून एकच प्रश्न येतोय: ताई, जुनं ठेवू की विकू? ठेव. का, ते सांगते. जरा पाल्हाळ होईल.

आधी कोणतं पुस्तक कोणतं ते सांगून टाकते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचं मूळ पुस्तक २०१४ चं, ३५२ पानांचं. सुधारित पुस्तक फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, ३८४ पानांचं, पाचशेच्या वर मॉन्स्टर असलेलं. नव्याची मांडणी सुटसुटीत आहे, चित्रं देखणी आहेत, चालू खेळात पान पटकन सापडतं. तरी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, म्हणून तयारीला बसले की मी जुनंच उघडते. हा रिव्ह्यू मुख्यतः जुन्याचा, आणि त्यातही एकाच गोष्टीचा: मॉन्स्टरच्या अंगातल्या करामती.

बाकीचं मला विकत घ्यायची गरजच नाही. हिट पॉइंट (अंगातला जीव) किती, एसी (वार लागणं किती अवघड तो आकडा) किती, एका फटक्याला डॅमेज (इजा) किती, हे आकडे मी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, बघून मनाने बदलते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पैसे मोजायचे ते मला स्वतःला सुचली नसती अशा कल्पनेसाठी. माझी कसोटी साधी आहे. मॉन्स्टर समोर आल्यावर खेळाडू 'मी अटॅक करतो' याच्या पलीकडे काही बोलतो का? बोलला तर करामत पास. नाहीतर ती नुसती मारामारी, आणि मारामारीला एवढं जाड पुस्तक कशाला लागतं?

या कसोटीवर माझा लाडका आहे रस्ट मॉन्स्टर. चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड तो आकडा) अर्धं, हिट पॉइंट २७. कागदावर अगदीच किरकोळ. या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांमधून जे विचित्र प्राणी उचलून खेळात आणले, त्यातला हा एक. औलबेअर आणि ब्युलेट हे मॉन्स्टरही त्याच पिशवीतले. याला ३० फुटांतलं लोखंड वासाने कळतं. मिशा लागल्या आणि सेव्ह (बचावासाठी टाकायचा फासा) फसला की धातूच्या साध्या, जादुई नसलेल्या चिलखताचा एसी एकाने कमी होतो, आणि तो कायमचा. उलट तुम्ही धातूची साधी तलवार त्याच्यावर चालवलीत तर तलवारच गंजते, डॅमेजला कायमचा उणे एक. उणे पाचवर हत्यार संपलं.

आमच्या टेबलावर भैरू नावाचा ड्वॉर्फ फायटर, म्हणजे बुटका लढवय्या, आहे. अंगावर १५०० सोन्याच्या नाण्यांचं प्लेट चिलखत, आणि खेळवणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य: 'मी पुढे होतो.' भुयारात मिशा हलवत हे ध्यान आलं आणि तोच गडी म्हणाला, 'मी मागे होतो.' मग त्याने विचारलं, चिलखत काढायला किती वेळ लागेल? नियमात ५ मिनिटं आहेत. एक राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे ५० राउंड. सगळे त्याच्याकडे बघून हसायला लागले. विझार्डची (मांत्रिकाची) लाकडी काठी, जिला एरवी कुणी विचारत नाही, ती एकदम टेबलावरचं सर्वांत भारी हत्यार झाली. तेवढ्यात आमच्या चोरकाम करणाऱ्या मुलीने आपली सामानाची यादी वाचायला घेतली. यादीत लोखंडी खुंट्या होत्या, खडकात ठोकायच्या, दहा. ती एकेक खुंटी फेकत गेली आणि तो प्राणी एकेक खात तिच्या मागे गेला.

पुढची गंमत मी ठरवलेलीच नव्हती. कुणी अंगावर न घातलेल्या, हातात न धरलेल्या लोखंडाला त्याचा स्पर्श झाला तर एक घनफूट लोखंड जागीच नष्ट होतं, असं त्याच करामतीत लिहिलंय. ते यांना कळलं, तशी यांनी त्याला खुंट्यांची लालूच दाखवत थेट कैदखान्याच्या गजांपर्यंत नेलं. कुलूप तोडायचा मी रचलेला सगळा बेत बाजूलाच राहिला. त्या प्राण्याला कुणी मारलंच नाही. २७ हिट पॉइंट जसेच्या तसे शिल्लक, आणि अख्खी संध्याकाळ त्याच्यावर गेली.

जिलॅटिनस क्यूबबद्दल थोडक्यात. १० फुटांचा पारदर्शक ठोकळा, भुयाराचा बोळही १० फुटांचा. तो हलला नसेल तर डोळ्यांसमोर असूनही दिसायला १५ चा पर्सेप्शन (निरीक्षणाचा फासा) लागतो. बोळाच्या मधोमध एक सांगाडा हवेत लटकलाय, एवढंच वर्णन करायचं आणि गप्प बसायचं. नवखे खेळाडू चालत आत जातात. जुने खेळाडू खडा मारून बघतात. दोन्हीत मजा आहे.

नजरेने दगड करणाऱ्या मेड्युसाची २०१४ ची करामतही मला आवडते, कारण ती दर टर्नला प्रश्न विचारते. तिच्या ३० फुटांत तुमची टर्न सुरू झाली की दोनच पर्याय. बघायचं आणि दगड होण्याचा धोका पत्करायचा, किंवा नजर फिरवायची आणि पुढच्या टर्नपर्यंत ती कुठे आहे हे दिसणार नाही ते सोसायचं. दर वेळी नव्याने ठरवायचं. आमची सगळ्यात बडबडी मुलगी तिथे चक्क गप्प होऊन विचार करत बसली होती.

आता ड्रॅगन. लोक त्याच्या श्वासाबद्दल बोलतात, आग किती आणि ॲसिड किती. माझ्या मते या पुस्तकातली सर्वांत हुशार पानं श्वासाची नाहीत, ड्रॅगनच्या गुहेभोवतीच्या परिसराची आहेत. काळ्या ड्रॅगनच्या गुहेपासून मैलभरातलं पाणी नासतं, आणि त्याच्या शत्रूने ते प्यायलं तर थोड्याच वेळात उलटून पडतं. हिरव्या ड्रॅगनच्या रानात मैलभरातले उंदीर आणि पाखरं त्याचे कान-डोळे असतात, आणि हरणांसारखी मोठी शिकार तिथे दिसतच नाही. याला म्हणायचं मॉन्स्टरची करामत. ड्रॅगन अजून दिसायचाय, पण रेंजर म्हणतो, 'इथे एकही हरीण कसं नाही?' आणि पुढच्या क्षणी कुणीतरी फांदीवरच्या चिमणीकडे संशयाने बघतं. त्या दिवशी माझ्या पार्टीने चिमण्या ऐकतील म्हणून बेत कागदावर लिहून एकमेकांना दाखवला. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

राक्षसाचं पान उघडलं तेव्हा मी आधी नाक मुरडलं. वाघाचं डोकं, उलटे तळवे. आपल्या गोष्टींतल्या दाढावाल्या राक्षसाशी याचं नातं फार लांबचं. पण स्टॅट ब्लॉक (आकडे आणि करामतींची चौकट) वाचला आणि मत बदललं. चॅलेंज रेटिंग १३. सहाव्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र त्याची स्वतःची मर्जी असेल तरच त्याला लागतो. हे ठीक, जबरदस्त पण कोरडं. खरी करामत त्याच्या पंज्यात आहे. ओरखडा लागला की शाप लागतो, आणि त्या क्षणी काहीच होत नाही. शाप कळतो तो झोपल्यावर. रात्रभर भयंकर स्वप्नं पडतात आणि रेस्टचा (विश्रांतीचा) कसलाही फायदा मिळत नाही, शॉर्ट नाही, लाँग नाही.

आमच्या क्लेरिकला (देवाच्या मंत्रांवर चालणाऱ्या पात्राला) तो शाप लागला. राक्षस निसटला, पार्टी जिंकल्याच्या तोऱ्यात झोपली. सकाळी मी एकेकाला सांगत गेले: तुझे हिट पॉइंट पूर्ण, तुझे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची शिल्लक) पूर्ण. तिच्याजवळ आले आणि म्हटलं, तुझं काहीच परत आलं नाही. ती हसली, म्हणाली, रिमूव्ह कर्स टाकते. तो शाप काढायचा मंत्र तिसऱ्या पातळीचा. कालच्या लढाईत तिने तिसऱ्या पातळीपासून वरचे सगळे स्लॉट संपवले होते. स्लॉट परत यायला झोप हवी, झोपेचा फायदा मिळू द्यायचा नाही हेच शापाचं काम. टेबलावर हळूहळू सगळ्यांना उलगडलं आणि कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. मग दुसरा मांत्रिक शोधत तीन गावं पालथी घातली. ती तिन्ही गावं मला ऐनवेळी उभी करावी लागली.

त्याच राक्षसाचा तोडही छान आहे: चांगल्या वृत्तीच्या पात्राच्या हातातलं टोकदार जादुई हत्यार त्याला दुप्पट लागतं. १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये हाच तोड क्लेरिकने आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या बाणात होता, तो मला जास्त आवडतो, पण हाही चालेल. आमच्यातल्या एकाने भाव खायला म्हणून कॅरेक्टर शीटवर वृत्ती म्हणून 'न्यूट्रल' (ना चांगली ना वाईट) लिहून ठेवलं होतं. त्याच्या हातात जादुई रेपियर (टोकदार तलवार) होती. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोड कुठेतरी लांब ठेवलेला असणं यात काहीतरी मूळचं गोड आहे. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट सात समुद्रांपलीकडे, हे ऐकतच आपण वाढलो. लिचचं, म्हणजे मरूनही न संपलेल्या मांत्रिकाचं, अगदी तेच आहे. शरीर मारलंत तरी ते परत येतं, १० बाजूंचा फासा सांगेल तितक्या दिवसांत. त्याचा जीव ज्या डबीत आहे ती शोधून फोडल्याशिवाय सुटका नाही. मारामारी संपली तरी काम संपत नाही. मोहीमच्या मोहीम या एका ओळीवर उभी राहते.

आणि फ्लम्फ! चॅलेंज रेटिंग एक अष्टमांश. हवेत तरंगणारं जेलीफिशसारखं भाबडं पोर, मनाने लॉफुल गुड (नियमाने चालणारं, चांगलं). याच्या दोन करामती बघा. एक, ६० फुटांत कुणीही टेलिपथीने (मनातून मनात) बोललं की याला ऐकू येतं. दोन, हा आडवा पडला तर फासा टाकायचा, आणि विषम आकडा आला तर उताणा पडतो आणि काही करू शकत नाही. दुसरी नुसती विनोदी म्हणून वाचायची नाही. पहिलीमुळे हा खेळातला उत्तम खबऱ्या ठरतो, त्याने माइंड फ्लेअरांचं, म्हणजे टेलिपथीने बोलणाऱ्या मॉन्स्टरांचं, सगळं बोलणं ऐकलेलं असतं. दुसरीमुळे पार्टीला त्याला सांभाळावं लागतं. आमच्या गटाने एका फ्लम्फला अख्ख्या भुयारातून जपून नेलं, दर दाराशी 'त्याला धक्का लावू नका रे' असं एकमेकांना बजावत. ज्याला धड लढता येत नाही, त्याच्यासाठी एवढी विचारपूर्वक लिहिलेली उणीव मला दुसऱ्या कुठल्या पानावर सापडली नाही.

आता तक्रारी. इंटलेक्ट डिव्हावरर हा चार पायांवर चालणारा मेंदू. कल्पना भन्नाट, आकडे बेजबाबदार. चॅलेंज रेटिंग २, म्हणजे नवख्या पार्टीसमोर कुणीही सहज ठेवणार. त्याची करामत: १२ चा इंटेलिजन्स सेव्ह फसला की डॅमेज होतंच, वर डीएमने तीन सहाबाजूंचे फासे टाकायचे, आणि बेरीज तुमच्या इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली तर तुमची बुद्धी शून्य. भैरूचा इंटेलिजन्स ८. त्यामुळे त्याला उणे एक बसतो आणि सेव्हला वीस बाजूंच्या फाशावर १३ हवेत, म्हणजे साठ टक्के वेळा फसणार, आणि तीन फाशांची बेरीज ८ किंवा वर येण्याची शक्यता ८४ टक्के. एका टर्नला निम्मी शक्यता की भैरू जागेवर थिजला. उतारा ग्रेटर रिस्टोरेशन, पाचव्या पातळीचा मंत्र, क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळणारा. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीने तो कुठून आणायचा? याचा इशारा त्या पानावर कुठेही नाही. खेळाडूला काही करता येत नाही, नुसतं फाशाकडे बघत बसायचं. ही करामत माझ्या कसोटीवर नापास, आणि चॅलेंज रेटिंग हा आकडा डोळे मिटून मानू नये याचा पुरावाही तीच.

शॅडोचं दुखणं त्याच जातीचं. चॅलेंज रेटिंग अर्धं, दर फटक्याला ताकद १ ते ४ ने कमी, शून्य झाली की मरण. ८ ताकदीचा विझार्ड वाईट नशिबाने दोन फटक्यांत जातो, हिट पॉइंट कितीही असोत. तरी याला मी माफ करते. प्रकाशाकडे पळा, विझार्डला मध्ये घ्या, असं काहीतरी करायला वाव असतो, आणि ताकद एका शॉर्ट रेस्टने परत येते.

सर्वांत कंटाळवाणी करामत मात्र बड्या मॉन्स्टरांची आहे: लेजेंडरी रेझिस्टन्स. दिवसातून ३ वेळा, सेव्ह फसला तर डीएमने म्हणायचं, नाही, जमला. हेतू कळतो. ड्रॅगन पहिल्याच मंत्राला बेडूक होऊन चालणार नाही. पण ज्याने आपला सर्वांत मोठा मंत्र टाकला, त्या खेळाडूला मिळतं काय? 'बरं, नाही झालं.' मी ते बदललंय. रेझिस्टन्स वापरला की ड्रॅगनला दिसेलशी किंमत मोजावी लागते: एकदा पंख लुळा पडून उडण्याचा वेग निम्मा, एकदा पुढच्या टर्नला श्वास बंद. विझार्डला वाटतं आपण काहीतरी तोडलं. नव्या पुस्तकात उलट दिशा आहे, ड्रॅगन स्वतःच्या गुहेत असेल तर ३ ऐवजी ४.

जुन्यात आणखी एक ताप आहे. मंत्र टाकणाऱ्या मॉन्स्टरच्या खाली मंत्रांची नुसती नावं. ते काय करतात ते बघायला प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमांचं पुस्तक) उघडायचं. ऐन लढाईत दोन पुस्तकं, पानांत खोचलेल्या दहा चिठ्ठ्या. नव्याने हा गुंता बराच सोडवलाय, ते मान्य.

नव्याचा दुसरा बदल मला अर्धा पटतो. बऱ्याच ठिकाणी सेव्हिंग थ्रो काढून टाकलाय. लांडगा चावला की जुन्यात ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह होता, नव्यात मध्यम किंवा लहान आकाराचं पात्र सरळ आडवं. लांडग्यांच्या बाबतीत बरं झालं, सहा लांडग्यांसाठी दर वेळी कोण फासे टाकत बसणार? पण सेव्ह हा खेळाडूच्या हातातला फासा असतो. तो काढला की त्या क्षणी तो प्रेक्षक होतो. वेगळ्या लेअर ॲक्शनही गेल्या, ड्रॅगनची गुहा स्वतःच हालचाल करायची ती मजा संपली. खेळ जलद झाला हे खरं. मला जलद नको होता.

खेळाडूंच्या बाजूने कुणी म्हणेल आमच्या करामतींचं काय. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात एक आहे, जी मॉन्स्टरांच्या तोंडात मारेल: डिव्हिनेशन (भविष्य बघणाऱ्या) विझार्डचा पोर्टेंट, दुसऱ्याच लेव्हलला मिळणारा. लाँग रेस्टनंतर दोन वेळा डी-२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, आकडे लिहून ठेवायचे, आणि दिवसभरात कुणाच्याही रोलच्या जागी ते वापरायचे, मात्र रोल पडायच्या आधी सांगून. लोकांना वाटतं २० आला की चांदी. आमचा विझार्ड ३ आला की खुशीत येतो. तो ३ दिवसभर जपून ठेवतो, आणि मी मॉन्स्टरच्या सेव्हसाठी हात उचलला की शांतपणे म्हणतो, 'थांबा, तुमचा ३ आहे.' वाइल्ड मॅजिक सॉर्सररचा (अनावर जादूच्या पात्राचा), फाशावर भलतंच काही घडवणारा तक्ता मात्र मला तितकासा रुचत नाही. पुढच्या टर्नपर्यंत कुंडीतलं झाड होणं एकदा गमतीचं आहे. स्वतःलाच केंद्र धरून फायरबॉल फुटणं पहिल्या लेव्हलला गमतीचं नाही, आणि त्यात कुणाचं कौशल्यही नाही.

घ्यायचं का? डीएम असाल तर जुनं सेकंडहँड मिळालं तरी घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार, एक तारा चॅलेंज रेटिंगने खाल्ला. त्याआधी एसआरडी ५.१, म्हणजे खेळाच्या नियमांचा खुला संच, जरूर उतरवून घ्या. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे. रस्ट मॉन्स्टर, क्यूब, राक्षस, शॅडो, लिच त्यात सापडतील, आठवडाभर खेळून बघता येईल. फ्लम्फ, माइंड फ्लेअर आणि ड्रॅगनच्या परिसराची ती पानं त्यात नाहीत. माझ्या हिशेबी पुस्तकाची निम्मी किंमत त्या परिसराच्या पानांसाठीच आहे. नुसते खेळाडू असाल तर अजिबात घेऊ नका, आणि चाळलंच असेल तर बोळात लटकलेला सांगाडा दिसल्यावर चेहरा जरा सांभाळा.